डबा कुठून आला, कुणाकडे गेला

सप्टेंबर म्हणजे पीसीओएस जागृतीचा महिना. बेगडेवाडीहून चिंचवडकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, अजून त्याला 'पीसीओडी'च म्हणतात. सोनोग्राफीत 'गाठी' निघाल्या, असंही म्हणतात. खरं तर त्या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेले बीजकोष असतात. यंदा मोबाइलवरच्या जाहिरातींतून त्यात नव्या शब्दाची भर पडली आहे: एक्झोसोम.

हे प्रकरण मावळात समजावणं सोपं. मुंबईचे डबेवाले मूळचे इकडचेच, मावळ-मुळशी-खेड-जुन्नरचे. आपल्या पेशीही असेच डबे धाडतात, जेमतेम ३० ते १५० नॅनोमीटरचे; तेच एक्झोसोम. आत प्रथिनं आणि मायक्रोआरएनएच्या चिठ्ठ्या, झाकणावर रेणूंच्या खुणा. १९८३च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टन यांना मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींतून हे डबे बाहेर पडताना दिसले. पेशी नकोसं झालेलं टाकून देते आहे, एवढाच अर्थ तेव्हा लागला. डब्यात वाचण्याजोग्या चिठ्ठ्या असतात हे कळायला २००७ उजाडलं.

बीजकोषातल्या द्रवात हे डबे भरपूर. बीज आणि त्याला वेढून असलेल्या पेशी यांच्यातला बराच निरोप-सांगावा त्यांतून चालतो. पीसीओएसमध्ये चिठ्ठ्यांचा मजकूर बदललेला आढळतो. '४२४-५पी' नावाची एक चिठ्ठी प्रयोगशाळेत या भोवतालच्या पेशींना अकाली म्हातारं करते. पण डबा बिघडल्यानं दुखणं आलं, की दुखण्यानं डबा बिघडला? जाहिरातीत हा प्रश्न नसतो.

मूळ पेशींचे एक्झोसोम टोचल्यावर हार्मोन आणि ऋतुचक्र सुधारलं, हे खरं, पण उंदरांत. गंमत म्हणजे उंदरांना पीसीओएस 'लावायला' बरेचदा लेट्रोझोल सतत देतात. बाईला मूल हवं असेल तर बीज सुटावं म्हणून डॉक्टर पहिल्यांदा हीच गोळी लिहून देतात, पण पाचच दिवस. एवढ्या फरकानं औषधाचं दुखणं होतं. मग अनोळखी डबे कोणत्या भरवशावर टोचून घ्यायचे? अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०१९मध्येच अशा उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं.

मला आशा वाटते ती निदानाची. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या ७७८ मुली तपासल्या. २०१४मध्ये छापून आलेले आकडे असे: रॉटरडॅम निकषानं २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, अँड्रोजेन एक्सेस सोसायटीच्या निकषानं १०.७. म्हणजे फूटपट्टी बदलताच निम्म्याहून अधिक मुली बऱ्या! रक्तातले डबे उघडून चिठ्ठी वाचता आली, तर हा घोळ मिटायला मदत होईल. खटपट चालू आहे, पण ही चाचणी अजून संशोधकांच्या टेबलावरच आहे.