शून्य विचरणाचा पेच

तापमान, पाऊस, नदीची पातळी यांच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या जातात. अशा मालिकेचा स्वभाव नेमका कोठे पालटला, हे हुडकण्याच्या शास्त्राला बदलबिंदूशोधन म्हणता येईल. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये उत्पादनाच्या सतत तपासणीसाठी या विचाराचा पाया घातला. २०१२ साली किलिक, फर्नहेड व एक्ली यांनी 'पेल्ट' ही पद्धत प्रसिद्ध केली आणि फार लांब मालिकाही संगणकाच्या आटोक्यात आल्या.

अशी आज्ञावली मालिकेचे खंड पाडते व प्रत्येक खंडाचे विचरण, म्हणजे आकड्यांची सरासरीभोवतीची पांगापांग, मोजते. पांगापांग जितकी कमी, तितका तो खंड स्वस्त. ही किंमत विचरणाच्या लॉगॅरिथमवरून ठरते आणि अडचण उद्भवते ती येथेच. विचरण शून्याकडे सरकू लागले की किंमत ऋण अनंताकडे कोसळते. तापमापक दशांश अंशापर्यंतच वाचत असेल, तर लागोपाठ दोन दिवस ३१.४ अंश ही नोंद येणे अगदी स्वाभाविक होय. आज्ञावलीला मात्र तेवढ्यावरून हवामान पालटल्याचा भास होतो.

शून्याऐवजी एखादी अतिसूक्ष्म संख्या धरावी, हा प्रचलित उपाय. परंतु ती कोणती, यावर सारे अवलंबून आहे. समजा, नोंदी एक हजार असून नेहमीचे विचरण १ आहे. प्रत्येक बदलबिंदूमागे सुमारे २१ गुणांचा दंड ठेवला, तर मधला खंड वेगळा काढण्यास दोन बिंदूंचे ४१ गुण पडतात. शून्याच्या जागी शंभर अब्जांश भाग धरल्यास दोन समान आकडे ५१ गुण मिळवून देतात. खोटा बदल सहज मान्य होतो.

याउलट उपकरणाचीच मर्यादा आधाराला घ्यावी. वाचनातील पायरीचा वर्ग भागिले १२, हे पूर्णांकनातून येणारे विचरण. ०.१ अंशाच्या पायरीसाठी ते सुमारे ०.०००८३ भरते. आता त्या दोन आकड्यांना जेमतेम १४ गुण मिळतात आणि बदल नाकारला जातो. तापमापक बिघडून दहा दिवस तोच आकडा दाखवीत राहिला, तर मात्र ७१ गुण होऊन बिघाड उजेडात येतो.

खंडाची किमान लांबी वाढवूनही खोटे बदल टळतात, पण मग थोड्या दिवसांचा खरा बिघाडही नजरेआड होतो. काहीजण नोंदींत किंचित कृत्रिम चढउतार मिसळतात. ही युक्ती त्याहून गैरसोयीची, कारण दर खेपेस उत्तर निराळे येऊ शकते.