डॉक्टरांचे श्रुतलेखन : नोकरीचे एक दार आणि त्यामागची मेहनत

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "मास्तर, आता पुढे काय?" डी.एड., आय.टी.आय., नर्सिंग ही उत्तरे सर्वांना पाठ झाली आहेत. मध्येच कोणीतरी एखाद्या खासगी संस्थेचे पत्रक पुढे करतो. त्यावर 'मेडिकल ट्रान्सक्रिप्शन' असे लिहिलेले असते आणि खाली घरबसल्या कमाईचे आश्वासन. हे काम नेमके काय आहे आणि आज त्यात किती दम उरला आहे, हे फी भरण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

मराठीत याला वैद्यकीय श्रुतलेखन म्हणता येईल. शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी सांगतात आणि मुले लिहितात, तोच प्रकार. अमेरिकेतील डॉक्टर रुग्ण तपासल्यावर त्याचा इतिहास, तपासणी, शस्त्रक्रियेचा वृत्तांत, घरी सोडतानाचा गोषवारा हे सर्व तोंडी सांगून ध्वनिमुद्रित करतो. दूरवर बसलेली व्यक्ती कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करीत तो मजकूर टाईप करते. न्यूयॉर्क आणि आपल्या घड्याळात साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असते. तिकडचा डॉक्टर झोपला असताना इकडे काम होते आणि सकाळी अहवाल त्याच्या टेबलावर हजर. या सोयीमुळेच १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे काम बेंगळूर, हैदराबाद, चेन्नईकडे येऊ लागले. मोबदला बहुधा ओळीवर मिळतो आणि मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची एक ओळ ही सर्वत्र रूढ झालेली मोजणी आहे.

टायपिंग क्लासमध्ये कमावलेला हाताचा वेग इथे उपयोगी पडतो, पण तो शेवटचा गुण. खरे शिक्षण शरीररचना, रोगांची नावे, औषधे, प्रयोगशाळेतील चाचण्या यांचे असते आणि त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागते. आपल्या मुलांना भीती वाटते ती या लांबलचक शब्दांची. वास्तविक ज्याने शाळेत उपसर्ग आणि प्रत्यय मन लावून शिकले, त्याला हे शब्द लवकर उलगडतात. 'आयटिस' म्हणजे दाह किंवा सूज, 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणे, 'ऑटमी' म्हणजे छेद देणे. टॉन्सिलायटिस आणि टॉन्सिलेक्टमी यांतील फरक मग पाठ करावा लागत नाही. हे शब्द मुळात ग्रीक आणि लॅटिन. इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही ते तितकेच परके असतात, ही गोष्ट माध्यम बदलण्याची घाई करणाऱ्या पालकांनी ध्यानात घ्यावी.

मात्र खोटा धीर देण्यातही अर्थ नाही. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याचे इंग्रजी व्याकरण, विशेषतः 'ए', 'ॲन', 'द' यांचा वापर आणि विरामचिन्हे, कच्चे असते. त्यासाठी आधी काही महिने वेगळी मेहनत हवी. फाडफाड इंग्रजी बोलण्याची गरज नाही, नीट ऐकण्याची आहे. अमेरिकेतील डॉक्टर तरी कुठे एका बोलीचे? कोणी भारतीय, कोणी फिलिपिनो, कोणी कोरियन. कोणी खात खात सांगतो, कोणी धावत धावत.

शिवाय उच्चार फसवे. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम हेच कमरेच्या हाडाचेही नाव. कानाला दोन्ही सारखे, इंग्रजी लेखनात एका अक्षराचा फरक. डिस्फेजिया म्हणजे गिळण्याचा त्रास, डिस्फेझिया म्हणजे वाणीतील दोष. हायपर आणि हायपो यांची गल्लत झाली तर वाढलेला रक्तदाब कमी झालेला ठरतो. म्हणून शब्द ऐकू आला नाही तर जागा रिकामी सोडून खूण करायची, डॉक्टर ती भरतो. परीक्षेत एकही प्रश्न मोकळा सोडू नका, असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे बजावत आलो. इथे ती सवय मोडावी लागते, कारण अंदाजाने भरलेली जागा ही इथली सर्वांत मोठी चूक मानली जाते.

ती का, हे २००८ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात दिसले. एका महिलेच्या कागदावर इन्सुलिनचे प्रमाण ८ युनिटऐवजी ८० युनिट असे टाईप झाले. डॉक्टरने न तपासलेला तो कागद पुढे वापरला गेला, औषध दिले गेले आणि ती महिला दगावली. हे काम कंत्राटातून कंत्राटात जात भारतात पोहोचले होते. २०१२ मध्ये तेथील ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई द्यावी असा निकाल दिला. एका शून्याची ही किंमत. कंत्राटांची साखळी लांबली की शेवटच्या माणसाला ना नीट प्रशिक्षण मिळते, ना नीट पैसे. २००३ साली कराचीतील एका टंकलेखिकेने मोबदला थकल्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयातील रुग्णांची माहिती इंटरनेटवर टाकण्याची धमकी दिली होती. तिची अडचण खरी असेल, पण दुसऱ्याचा आजार हा ओलीस ठेवण्याचा माल नव्हे. रुग्णांच्या माहितीच्या गुप्ततेसाठी अमेरिकेत १९९६ चा कायदा आहे आणि प्रशिक्षणात त्याचा धडा असायलाच हवा.

आता आजची स्थिती. २००९ च्या कायद्याने अमेरिकेत संगणकीय रुग्णनोंदींना सरकारी पैसा मिळाला आणि अनेक डॉक्टर स्वतःच पडद्यावर नोंदी करू लागले. दुसरीकडे आवाज ओळखून मजकूर तयार करणाऱ्या प्रणाली आल्या. या क्षेत्रातील न्यूआन्स ही मोठी कंपनी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. नुसते ऐकून टाईप करण्याचे काम त्यामुळे आटत चालले आहे आणि अमेरिकन सरकारचे रोजगारविषयक अंदाजही घटच दाखवतात. उरले आहे ते यंत्राचा मसुदा आवाजाशी ताडून सुधारण्याचे काम. यंत्र कधी न उच्चारलेले वाक्यही घुसडते, हे २०२४ मधील वृत्तांतांतून पुढे आले. ते ओळखायला कान आणि वैद्यकीय ज्ञान दोन्ही लागते. याखेरीज मेडिकल कोडिंग आणि डॉक्टरांचे लेखनिक म्हणून काम, या शेजारच्या वाटा त्याच शिक्षणातून निघतात.

आणखी एक उपयोग पत्रकात छापलेला नसतो. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांपुढे मराठीत बोलतो, सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतो आणि दवाखान्यातून घरी आणलेले डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत तो कागद वाचून 'ही गोळी दिवसातून दोनदा, तीही जेवणाआधी' असे आईला मराठीत सांगू शकणारी मुलगी असेल, तर तिचे शिक्षण नोकरी लागण्यापूर्वीच कामी आले म्हणायचे.

पत्रक घेऊन येणाऱ्याला पालकांनी दोन-तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. शिकवणाऱ्याने स्वतः हे काम किती वर्षे केले? मसुदा सुधारणे शिकवता की केवळ टायपिंग? मागच्या तुकडीतील मुले कुठे कामाला आहेत, त्यांच्याशी बोलू द्याल का? नोकरीची हमी तोंडी असेल तर ती लेखी मागावी आणि सगळी फी एकदम भरू नये. पहिल्याच दिवशी मुलाच्या कानाला हेडफोन लावून अशा डिक्टेशनची दहा मिनिटे ऐकवायला सांगावीत. पहिल्या खेपेला फारसे कळणार नाही. पुन्हा ऐकायची त्याची तयारी दिसली, तर फीचा विचार करावा.