वकिलाचे दप्तर आणि नदीचा पूर

आपत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस येतात, डॉक्टर येतात, तलाठी येतात. वकील त्या चित्रात कोठेच नसतो. पण पाणी ओसरले की थोड्याच दिवसांत माणसाला कागद लागतो. घर कोणाच्या नावाचे, वारस कोण, दाव्याची तारीख कोणती, हे सारे प्रश्न पुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे ज्या दप्तरात आहेत तेच भिजले असेल तर? म्हणून आपत्तीची पूर्वतयारी हे वकिलाचे व्यावसायिक कर्तव्यच होय, असे आम्ही मानतो.

अशील आपले मूळ खरेदीखत किंवा मृत्युपत्र वकिलाकडे देतो, ती एक ठेव असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत काही तासांत घरे कोसळली. घराबरोबर घरातली पेटीही जाते. मूळ कागद नष्ट झाल्यास दुय्यम पुरावा देण्याची मुभा कायदा देतो, हे खरे. नोंदलेल्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते. परंतु मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही; न नोंदलेले, एकच प्रत असलेले मृत्युपत्र वाहून गेले, तर मृताची इच्छा सिद्ध करणे फार कठीण होऊन बसते.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. पण न्यायालय उघडे आणि वकिलाची कचेरी पाण्यात, असे झाले तर? अपिलास झालेला विलंब सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो. मूळ दाव्याला मात्र १९६३ च्या मुदत कायद्यातील ही सवलत लागू नाही. २०२० साली करोनाच्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी मुदती वाढविल्या. एका गल्लीत पाणी शिरले म्हणून तसे कोणी करीत नाही. तारखांची वही एकच असेल आणि ती भिजली, तर अशिलाचा हक्कच बुडावयाचा.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे दगावली. एकाच छताखाली बाप आणि मुलगा गेले, आधी कोण गेला हे कोणास ठाऊक नाही. मग वारसा कोणाकडून कोणाकडे गेला? हिंदू उत्तराधिकार कायदा सांगतो की, उलट पुरावा नसेल तर लहान हा मोठ्याच्या मागून वारला असे धरावे. हे नियम संकटाच्या दिवशी शोधीत बसून भागत नाही. ते आधीच माहीत असावे लागतात.

संकटग्रस्ताच्या दारी जाऊन काम मागणे आपल्या बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही. अमेरिकेतील वकिलांच्या संघटनेनेही २०१८ साली आपत्तीसंबंधीच्या मतात कागद, मुदती व अशिलाशी संपर्क सांभाळण्याबरोबर हाच संयम सांगितला आहे. आपल्याकडे सेवेचा सरळ मार्ग आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्यांस मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. वकिलाने तालुका विधी सेवा समितीत आपले नाव आधीच नोंदवून ठेवावे.

कळवणकरांना हे दूरचे वाटू नये. आपल्या तालुक्यातून गिरणा वाहते, वर चणकापूरचे धरण आहे, घाटरस्ते आहेत, कांदा हाताशी आला की गारपिटीचे भय आहे. यांपैकी काहीही घडले की पंचनाम्यापासून वारसापर्यंत सारे कागदावर येऊन ठेपते.

तयारीला खर्च थोडाच. मूळ कागद जमिनीपासून उंच, पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवावेत. त्यांची छायाचित्रे संगणकात आणि गावाबाहेर दुसऱ्या ठिकाणीही असावीत. तारखांची दुसरी वही कारकुनाच्या घरी ठेवावी. अशिलांचे दूरध्वनी क्रमांक कागदावरही लिहिलेले असावेत. आणि आपण अडकल्यास न्यायालयात कोणी उभे राहावे, हे एखाद्या सहकाऱ्याशी आधीच ठरलेले असावे.

आणि श्रोत्यांनी एवढे करावे: पुढच्या तारखेला वकीलसाहेबांना विचारावे, ‘आमचे कागद कोठे आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठे आहे?’ यात संकोच करण्याजोगे काही नाही. सुज्ञ वकिलास हा प्रश्न आवडेल; आणि ज्याच्याजवळ उत्तर नसेल, त्यास पावसाळ्यापूर्वी ते शोधण्यास अवधी मिळेल.