कांदेवाडीतली पत्रिका: खिळ्यांपासून मोबाइलपर्यंत

गिरगावातल्या खाडिलकर रस्त्याला जुनी माणसं अजून कांदेवाडीच म्हणतात. मुंबईत लग्न ठरलं की पत्रिकेसाठी इथे यायचं, ही रीत कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या पाळली. हा बाजार इथेच वसला, कारण अवतीभवती सगळा छपाईचाच मुलूख होता. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला निर्णयसागर छापखाना काळबादेवीकडे, राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली सुरू झाला तो गिरगावात, मौज छापखाना खटाववाडीत आणि नवाकाळ हे दैनिक तर याच रस्त्यावरच्या शेणवीवाडीत. कागद, शाई, कटिंग, बाइंडिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

ऐंशीच्या दशकापर्यंत घरच्यांच्या हातात पत्रिकेचा फक्त मजकूर असे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणार कंपोझिटर, गणपतीचा ब्लॉक छापखान्याचा, चौकट त्यांच्याकडे असेल ती. रंग एकच, बहुधा लाल. दुसरा रंग हवा तर तोच कागद पुन्हा मशीनवर चढवायचा, म्हणजे मजुरी वाढली. चाळीतल्या माणसाचा हिशेब सरळ असे: एक रंग, हळदी कागद, आणि न चिकटवलेलं पाकीट, म्हणजे बुकपोस्टाने कमी तिकिटात जाईल. त्या पत्रिका आज हातात घेतल्या तर त्यांचा नेटकेपणा जाणवतो. पैसे नव्हते म्हणून सजावट नव्हती, आणि सजावट नव्हती म्हणून अक्षरं उठून दिसत.

नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची मांडणी, आलं आणि घरातलं कुणीतरी पहिल्यांदा पत्रिका स्वतः मांडू लागलं. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करायचा, दुकानातून कोरी तयार कार्डं निवडायची आणि त्यावर स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यायचं. घरच्या कॉम्प्युटरवरचा फॉन्ट दुकानात नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटत. म्हणून ‘फाइल कर्व्ह करून आणा’, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून आणा, ही सूचना ठरलेली. खर्च वाचवणारे गेल्या मोसमातली उरलेली कार्डं मागत. ती स्वस्त मिळत आणि कागद तोच असे.

मग युनिकोड आलं, मोबाइल आला, मोफत फॉन्ट आले. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात. ही मोठीच गोष्ट घडली, पण तिच्याबरोबर एक नुकसानही झालं. अनेक फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचं प्रमाण, असं राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात सांगितलं, तरी शेकडो पत्रिकांवर ‘लग्न’ आणि ‘शुभ’ हिंदी वळणाने छापले जातात. हे मला खुपतं. मराठी वळणाचा फॉन्ट निवडायला एक पैसाही जास्त लागत नाही.

२०२० आणि २०२१ मधल्या करोनाच्या साथीने सगळंच उलटंपालटं केलं. एप्रिल २०२१ मधल्या निर्बंधांत लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. पत्रिका छापायची कुणासाठी? ती मोबाइलवरून गेली. निर्बंध उठल्यावर छापील पत्रिका परत आली, पण अनेक घरांत संख्या घटवून: देवापुढे ठेवायला, कुलदैवताला, मामाला, व्याह्यांना आणि वडीलधाऱ्यांना. बाकीच्यांना मोबाइलवर.

स्वतः पत्रिका करणाऱ्याला ही घटलेली संख्याच सोयीची आहे. ऑफसेट छपाईला प्लेट लागते, त्यामुळे थोड्या प्रती महाग पडतात. डिजिटल छपाईत पानागणिक पैसे. एका ए-फोर कागदात पोस्टकार्डाएवढ्या चार पत्रिका बसतात, म्हणजे पंचवीस जाड कागदांत शंभर. कडेपर्यंत रंग नेऊ नये, कटिंग सोपं जातं. छपाई एकाच रंगात करावी आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं घरीच लावायची, म्हणजे दुसरा रंगही आला.

आयत्या सोनेरी नमुन्यांत नावं भरण्यापेक्षा ही एकरंगी पत्रिका केव्हाही सरस, असं माझं ठाम मत आहे. अक्षरकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या काळ्या अक्षरांवर प्रत्येक नाटकाला वेगळा चेहरा दिला. अक्षराचं वळण आणि भोवतीची मोकळी जागा एवढ्या भांडवलावर ते साधलं. घरात कुणाचं अक्षर सुरेख असेल तर वधूवरांची नावं त्याच्याकडून लिहून घ्यावीत, मोबाइलवर फोटो काढून तीच छापावीत. तेवढ्याने पत्रिका त्या घराची होते.

मजकुराची लांबी मात्र फार थोड्या घरांनी आवरली आहे. निमंत्रकांच्या नावांची रांग लावली की अक्षर बारीक करावं लागतं, आणि ज्या आजीसाठी छापील पत्रिका काढली तिलाच ती वाचता येत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की कांदेवाडीत मोसमाची गर्दी उसळते. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी मजकूर दिवाळीआधीच कागदावर उतरवावा, दोन्ही घरच्या माणसांकडून प्रूफ वाचून घ्यावं, तिथी, वार आणि तारीख पंचांगाशी ताडून पाहावी, आणि मगच छपाईला द्यावं.