लांब पल्ल्याची धाव आणि नवोदित धावपटू

पहाटेच्या वेळी ग्रामीण महाराष्ट्रातील रस्त्यांवर धावणारी मुले-मुली हमखास दृष्टीस पडतात. त्यांतील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. या भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावावे लागत असल्यामुळे सरावही त्याच बेताचा होतो : घड्याळ लावावयाचे आणि जीव खाऊन धावावयाचे. यांतीलच काहींना पुढे दहा किलोमीटर किंवा २१ किलोमीटरांच्या अर्धमॅरेथॉनची ओढ लागते आणि नेमकी तेथेच ही सवय नडते.

पाच-सहा मिनिटांची धाव व दोन तासांची धाव यांत केवळ अंतराचा फरक नाही. सावकाश व दीर्घकाळ धावल्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर साखरेच्या जोडीला चरबीचे इंधनही अधिक प्रमाणात वापरू लागते. यासाठी वेग किती असावा? धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, इतकाच. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. अगदी नवख्याने एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे असा आरंभ करण्यात कोणताही कमीपणा नाही. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, एवढा सराव प्रारंभी पुरेसा होतो.

खरा धोका मात्र तीन-चार आठवड्यांनंतर उद्‌भवतो. सराव सुरू होताच पंधरवड्याच्या आत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाचे काम हलके होते आणि धावणाऱ्यास आपला दम वाढल्याचा अनुभव येतो. हाडांची गती निराळी आहे. नव्या भाराला तोंड देताना हाड प्रथम आपला जुना अंश झिजवते आणि मगच नवा भरते. हे चक्र पूर्ण होण्यास तीन-चार महिने लागतात. साहजिकच, दम साथ देऊ लागतो त्याच सुमारास नडगीचे हाड काहीसे दुबळे असते. उत्साहाच्या भरात अंतर दुप्पट केले जाते ते याच वेळी! नडगीवर एका ठरावीक जागी बोट दाबताच कळ येत असेल, किंवा विश्रांतीतही ठणका राहत असेल, तर तो हाडास तडा जाण्याचा इशारा समजून धावणे थांबवावे व डॉक्टरांना दाखवावे. ‘दुखणे धावून मोडते’ हा मैदानावरील सल्ला येथे घातक ठरतो.

आठवड्याचे अंतर एकदशांशाहून अधिक वाढवू नये, असा संकेत प्रशिक्षकांत रूढ आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. पण घाईला आवर घालण्यास उपयोगी आहे. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर कमी ठेवावे. अर्धमॅरेथॉनचा विचार किमान सहा महिन्यांच्या नियमित सरावानंतर करणे इष्ट.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटरची पायपीट त्यांना घडली. स्पर्धात्मक धावणे मात्र सैन्यदलात दाखल झाल्यावर, २०१५ च्या सुमारास सुरू झाले. २०१८ मध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला व २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. त्या जलद प्रगतीच्या मुळाशी शाळेच्या वाटेचाही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

मुलींच्या बाबतीत शिक्षिकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. सराव वाढल्यावर मासिक पाळी लांबणे वा थांबणे हे कसून मेहनत होत असल्याचे लक्षण समजले जाते. वस्तुतः श्रमाच्या मानाने आहार अपुरा पडत असल्याची ती खूण असून, त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी धावणे कमी करून डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांचे प्रमाण वाढवावे आणि वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. लोहाच्या कमतरतेमुळेही दम टिकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते.

उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वी आटोपावा. त्या वेळी अंधार असतो आणि हमरस्त्यावर वाहने भरधाव असतात. गावातील शाळेचे मैदान किंवा पाणंद रस्ता मुरूम टाकून सपाट केल्यास व तेथे दोन दिवे लावल्यास ही मुले डांबरी रस्त्यावर येणार नाहीत.