सात मिनिटांची फिल्म आणि आमची मैत्रीण

आम्ही पाच जण बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीत राहतो. तीन मुली आणि दोन मुलगे. नववीची परीक्षा नुकतीच संपली. या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही मोबाइलवर एक फिल्म केली. ती कशी झाली आणि नंतर आम्हाला ती पुन्हा का करावी लागली, ते लिहायला आम्ही बसलो आहोत. या लेखात आमच्या एका मैत्रिणीबद्दल बरंच आहे, पण तिचं नाव नाही. लेख छापायला देऊ का, असं आम्ही तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "द्या, पण नाव नको."

प्रकल्प साधा होता. आपल्या गावावर दहा मिनिटांत बसेल अशी फिल्म करा, एवढंच सांगितलं होतं. धर्मापुरीला बाहेरून माणसं येतात ती केदारेश्वराचं मंदिर पाहायला. चालुक्यांच्या काळातलं दगडी मंदिर आहे, भिंतीभर मूर्ती. गावात किल्लाही आहे आणि त्याच्या तटात जुने कोरीव दगड बसवलेले दिसतात. म्हणून आम्ही पहिल्या रविवारी मोबाइल घेऊन निघालो आणि भिंतींवरून मोबाइल फिरवत सुटलो. घरी येऊन पाहिलं तर चौदा मिनिटं नुसते दगड, आणि तेही हलणारे. पाहताना डोकं गरगरलं. सरांनी दोन मिनिटं पाहून विचारलं, "यात माणूस कुठे आहे?"

त्या वेळी दिवाळी होऊन गेली होती. आमच्या वर्गात दसऱ्यापासून काही बाक रिकामे होते. बीडबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे हे दरवर्षी होतं. पावसाळा संपला की ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, म्हणजे बाई घरी राहिली तर अर्धीच मजुरी. धाकटी भावंडं असली की त्यांना सांभाळायला मोठी बहीण सोबत जाते. आमची मैत्रीण अशीच गेली होती. दुसऱ्या रांगेतल्या खिडकीजवळच्या बाकावर ती बसायची. आमच्यातली एक म्हणाली, "याच बाकावर फिल्म करू."

विषय ठरला, पण घरी परवानगी मिळवणं त्याहून अवघड निघालं. मुलांना कोणी काही विचारलं नाही. आम्हा मुलींना मात्र विचारलं. एकीच्या अब्बांनी स्पष्ट सांगितलं, "व्हिडिओ एकदा बाहेर गेला की तो आपल्या हातात राहत नाही. कोण कुठे लावेल सांगता येत नाही." तेव्हा आम्हाला ते जुन्या विचाराचे वाटले होते. शेवटी अटी ठरल्या. मुलींचे चेहरे दिसणार नाहीत, फिल्म शाळेच्या टीव्हीवरच दाखवायची, कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही आणि मगरिबच्या आधी घरी यायचं.

मग कॅमेरा मुलींनीच धरायचा ठरलं, कारण कॅमेरा धरणारी पडद्यावर दिसतच नाही! दादीला हे पटलं, पण तिने विचारलं, "बायका कधी सिनेमा काढतात का?" आम्ही मॅडमकडून ऐकलेलं सांगितलं, की फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक मानल्या जातात. पहिल्या बोलपटाची, १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. 'आलम आरा'चं नाव दादीने ऐकलेलं होतं. ती म्हणाली, "मग धर. पण मोबाइल पाडू नकोस, तुझ्या अब्बाने हप्त्यावर घेतलाय."

मॅडमनी आम्हाला दादासाहेब फाळक्यांचीही गोष्ट सांगितली होती. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोपटं वाढत असताना त्याची एकेक चौकट टिपत गेले. त्या छोट्याशा फिल्ममध्ये बी रुजून वेल होताना दिसायची. ती पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला. आम्ही हीच युक्ती बाकासाठी वापरली. रोज मधल्या सुट्टीत, त्याच जागेवरून, रिकाम्या बाकाचं एक छायाचित्र. विटांवर डबा आणि डब्यावर मोबाइल ठेवायचो. बावीस दिवसांची छायाचित्रं जोडली तेव्हा बाकावर खिडकीतलं ऊन सरकताना दिसलं आणि एका दिवशी कोणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. ते दहा सेकंद आजही आम्हाला सगळ्या फिल्ममधले सगळ्यात चांगले वाटतात.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या अंगावर पाडायच्या, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. आम्ही अम्मीची नवी चादर नेली. उजेड छान पडला, पण चादरीला शेतातली माती लागली. त्याबद्दल काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

मुलांना मात्र मालेगाव आवडलं. यंत्रमागाच्या त्या गावात शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, गावातलेच लोक घेऊन, अगदी थोड्या पैशांत. मालेगावच्या या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आहे. त्यात ट्रॉली म्हणून सायकल आणि क्रेन म्हणून बैलगाडी वापरलेली दिसते. मग काय, आमच्यातला एक सायकलवर मागे तोंड करून बसला, दुसऱ्याने सायकल ढकलली. आमच्या रस्त्याला जेवढे खड्डे आहेत तेवढे सगळे त्या चित्रीकरणात आले. शेवटी शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर सायकल चालवली, तेव्हा कुठे जमलं.

आवाजाचा त्रास सगळ्यात जास्त झाला. वारा माइकमध्ये शिरला की फडफडल्यासारखं ऐकू येतं. मोबाइलच्या खालच्या टोकाला सुती रुमाल बांधला, तेव्हा थोडं कमी झालं. एकदा मैत्रिणीच्या आजी बोलत असताना असरची अजान सुरू झाली. आम्ही थांबलो. आजीही थांबल्या, त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि अजान संपेपर्यंत गप्प बसून राहिल्या. नंतर कापायला बसलो तेव्हा तेवढा भाग काढावासा वाटेना, तो ठेवला.

आता जे झालं ते सांगायला हवं.

मैत्रीण तिकडे कोपीवर होती. तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून रात्री कधीतरी ती आमच्यातल्या एकीला आवाजी निरोप पाठवायची. पहाटे अंधारात सगळे उसाच्या फडात जातात, ती धाकट्याला सांभाळते, भाकरी करते, दुपारी वाढं बांधायला जाते, असं काय काय. तिला आम्ही कळवलं होतं की तुझ्यावर फिल्म करतोय, तुझा आवाज घेऊ का? ती हो म्हणाली होती. पण एका रात्री तिने जो निरोप पाठवला तो फिल्मसाठी नव्हता. त्यात ती म्हणाली होती की दहावीला आपण येऊ असं तिला वाटत नाही, आणि हे अजून घरी कोणाला बोललेली नाही. बोलताना तिचा आवाज बदलला होता. मागे कुत्रं भुंकत होतं.

आम्ही तो निरोप फिल्मच्या शेवटी लावला. रिकामा बाक आणि त्यावर तिचा आवाज. त्याच्या आधी तिच्या आजी पत्र्याच्या पेटीतून नातीचा शाळेचा ड्रेस काढून दाखवतात आणि रडतात, ते होतं. आजींनी चित्रीकरणाला होकार दिला होता हे खरं. पण त्या रडायला लागल्यावर आमच्यातल्या कोणीही मोबाइल खाली घेतला नाही. उलट जी धरून होती ती दोन पावलं पुढे गेली.

फिल्म सात मिनिटं बारा सेकंदांची झाली. फेब्रुवारीत शाळेत दाखवली. वर्गात कोणी हललं नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला टाळ्या मिळाल्या आणि आम्ही दोन दिवस गावात छाती काढून फिरलो.

ईद झाली आणि आठवड्याभरात टोळ्या परत आल्या. मैत्रिणीसाठी आमच्यातल्या एकीच्या अम्मीने पुन्हा शिरखुर्मा केला. तो खाऊन झाल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने तिला फिल्म लावून दिली. बाकाच्या छायाचित्रांवर ती हसली. उसाचा भाग आला तेव्हा तर जोरात हसली, कारण आम्ही गावाजवळच्या एका शेतात विळ्याने उभ्या उसाची शेंडी कापतानाचं दृश्य घेतलं होतं. "असा ऊस तोडतात होय?" मग आजी आल्या आणि ती गप्प झाली. शेवटचा निरोप सुरू झाल्यावर तिने मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला.

"हे कोणी कोणी ऐकलं?"

आम्ही सांगितलं, सगळ्या शाळेने.

"माझ्या आईने अजून ऐकलं नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि आजीला रडवायची काय गरज होती?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्यातला एक म्हणाला की फिल्म चांगली व्हावी म्हणून. ते ऐकून ती उठून गेली. चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत आमच्यातही भांडण झालं. एक म्हणत होती की आपण खरंच तर दाखवलं, खोटं काय आहे? दुसरी म्हणाली, तुझ्या दादीला कोणी असं दाखवलं असतं तर? त्यानंतर कोणी बोललं नाही. अब्बांचं ते वाक्य, व्हिडिओ आपल्या हातात राहत नाही, ते आम्ही फक्त आमच्या चेहऱ्यांसाठी ऐकलं होतं. तिच्या आवाजालाही ते लागू होतं, हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मॅडमनी आम्हाला सुरुवातीलाच नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट दाखवला होता. शाळेत जायची इच्छा असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट आहे आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. आम्ही ठरवून तसंच काहीतरी करायला गेलो होतो, लोकांना रडू येईल असं. पण तिथला मुलगा भूमिका करत होता आणि काय करतोय हे त्याला माहीत होतं. आमच्या मैत्रिणीला ते माहीत नव्हतं. हा फरक आमच्यातल्या कोणालाही फेब्रुवारीत सुचला नाही, आणि खरं सांगायचं तर टाळ्या वाजत असताना सुचणं कठीणच होतं.

पाचव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. आधी आजींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "लेकरांनो, मला काय कळतंय त्यातलं." त्याने आम्हाला जास्तच वाईट वाटलं. मग मैत्रिणीला म्हटलं, तू सांग काय ठेवायचं आणि काय काढायचं. ती शेजारी बसली आणि पहिल्यापासून एकेक दृश्य पाहत गेली. बाक ठेवला. अजान आणि आजींचं गप्प बसणं ठेवलं. पेटीचा भाग आणि शेवटचा निरोप काढला. विळ्याचं दृश्य तिने रागाने नव्हे तर लाज वाटते म्हणून काढायला लावलं, आमची लाज.

त्या जागी तिने स्वतः करून दाखवलं. कोयता कसा धरायचा, ऊस जमिनीलगत का तोडायचा, कारण साखर बुडख्यात जास्त असते आणि वर तोडला तर कारखान्याला वजन कमी पडतं. पाचट कसं झाडायचं. मोळी बांधायला दोरी लागत नाही, उसाचं हिरवं वाढंच पिळून बांधतात. चेहरा दिसू द्यायचा नाही, ही अट तिनेही घातली. म्हणून आम्ही फक्त तिचे हात घेतले. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली एक व्रण आहे, तो दिसतो. तो ठेवू का, असं विचारलं. ती म्हणाली, "ठेवा, तो तर आहेच."

नवी फिल्म साडेपाच मिनिटांची आहे. आधीच्यापेक्षा ती कमी रडवते. एका सरांना पहिलीच जास्त आवडली होती, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. आम्हाला कोणती जास्त चांगली वाटते यावर आमचं अजून एकमत नाही.

दहावीचं काय, ते अजून ठरलेलं नाही. या वेळी तिने आईला सांगितलं आहे. गावात मावशीकडे राहता येईल का, असं बोलणं चाललं आहे. धाकट्याचं काय करायचं, तिथे अडलं आहे.

जुनी फिल्म आमच्यातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आणि शाळेच्या पेन ड्राइव्हमध्ये होती. मॅडमना विचारून पेन ड्राइव्ह आणला. सगळे तिच्या ओट्यावर बसलो. तिन्ही ठिकाणची फाइल तिने स्वतः पुसली. मोबाइलने विचारलं, नक्की काढायची का, तर तिने आमच्याकडे न पाहता बोट ठेवलं. मग म्हणाली, सायकलवरचा तो खड्ड्यांचा भाग कुठे ठेवलाय, तो लावा, मला परत बघायचाय.