सात स्पॉट नकोत, तीन पुरे!

पावसाने उघडीप दिली की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, ‘ट्रिप कधी?’ पाच मिनिटांत यादी तयार. त्र्यंबक, अंजनेरी, वणी, पांडवलेणी, सिन्नर, भंडारदरा आणि जाता-जाता एखादा धबधबा. एका दिवसात सात स्पॉट! होतं काय, तर दिवस जातो बसमध्ये आणि प्रत्येक ठिकाणी मिळालेली वीस मिनिटं जातात ग्रुप फोटोत. रात्री घरी कुणी विचारलं, ‘काय पाहिलंस?’ तर उत्तर, ‘मजा आली!’

यंदा तीनच ठिकाणं ठरवून बघा.

पहिलं, पांडवलेणी. ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत पायऱ्या चढा. लेणी 24 आहेत. सगळीकडे धावण्यापेक्षा 10 आणि 3 नंबरच्या लेण्यांत वेळ काढा. 10 नंबरचं लेणं सुमारे 1900 वर्षांपूर्वीचं, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं. तिथला ब्राह्मी लिपीतला शिलालेख म्हणजे चक्क एफडीची पावती आहे! त्याने 3000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. 2000 वर महिन्याला एक टक्का व्याज, उरलेल्या 1000 वर पाऊण टक्का. मुद्दलाला हात लावायचा नाही. 2000 च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी 12 कार्षापणं द्यायची. आता मोबाइलवर हिशेब करा. वर्षाचं व्याज 240. वीस गुणिले बारा? 240. कॉमर्सवाल्यांनो, टॅली झालं!

भिक्खू पावसाळ्यात एका जागी थांबायचे आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की पुन्हा वाटेला लागायचे. म्हणजे पाऊस सरल्यावर प्रवासाला निघायची इथली पद्धत आपल्या ट्रिपपेक्षा बरीच जुनी.

3 नंबरच्या लेण्यात दुसरी बाजू आहे. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केला गौतमीपुत्र सातकर्णीने. तो गेल्यावर त्याची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या राज्यात हे लेणं दान दिलं आणि शिलालेखात मुलाचा पराक्रम लिहवून घेतला. जिंकलेले आणि हरलेले एकाच डोंगरावर!

सिन्नरच्या रस्त्याला लागलात की अंताक्षरी सुरू व्हायच्या आधी बसमध्ये जोगलटेंभीची गोष्ट सांगा. सिन्नर तालुक्यातल्या या गावात 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13 हजारांहून जास्त नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप ठोकलेला. शत्रूची नाणी अशी आपलीशी केली गेली, पण शत्रूच्या जावयाचा भिंतीवरचा लेख राहिला. म्हणून तर आपण आज तो हिशेब करू शकतो.

आणि आपण? किल्लीने किंवा मार्करने भिंतीवर नाव आणि बदाम काढणारा हीरो प्रत्येक बसमध्ये एखादा असतोच. दोन राजवटींच्या भांडणातून वाचलेली अक्षरं त्याच्या दोन मिनिटांच्या प्रेमात जाऊ शकतात. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पोलीस येईपर्यंत थांबू नका, त्याचा हात तुम्हीच धरा.

दुसरं ठिकाण, सिन्नरचं गोंदेश्वर. यादवकाळातलं हे मंदिर म्हणजे शिवपंचायतन. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती व सूर्य यांची छोटी देवळं. आत जाण्याआधी बाहेरून एक सावकाश चक्कर मारा. खालपासून शिखरापर्यंत दगड कसा रचत नेलाय, ते तेव्हाच कळतं.

तिसरं, संध्याकाळचं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळी पाहुणे पक्षी याच सुमारास यायला लागतात. निफाडकडच्या वाटेवर द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी चालू दिसेल. चापडगावच्या मनोऱ्यावर मात्र ब्लूटूथ स्पीकर बंद!

बससाठी एसटीच्या आगारात ‘प्रासंगिक करारा’ची चौकशी करा, कॉलेजचं पत्र सोबत न्या. पाणी, टोपी आणि मिळाल्यास एक दुर्बीण घ्या. आणि एक काम आधीच वाटून टाका. तिघा-तिघांनी एकेक ठिकाण वाचून यायचं आणि तिथे उभं राहून बाकीच्यांना पाच मिनिटं सांगायचं. ग्रुप फोटो त्यानंतर.